दोन साहेब आणि सुरेशचा कान

ऑर्केस्ट्राची एक गंमत असते. झकास झालेला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी विसरला जातो आणि फजिती झालेला जन्मभर पुरतो! आमचा सांगलीचा ऑर्केस्ट्रा पंधरा-सोळा वर्षं चालला. गाणी किती वाजवली ते देव जाणे, पण आम्ही जुनी मंडळी कुठं भेटलो, की चहा येईपर्यंत दोन किस्से होऊन गेलेले असतात. आणि त्यातले निम्मे त्या दोन साहेबांचे!

साहेब म्हणजे गिटारचे अँप्लिफायर. नव्वद सालानंतरची गोष्ट. पाचगणीच्या एका निवासी शाळेनं संगीताच्या खोलीतलं जुनं सामान मोडीत काढलं आणि त्यातले दोन विलायती डबे आमच्या दादांच्या हाती लागले. दादा म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, निवेदक आणि हुकूमशहा. दोन्ही डबे अस्सल इंग्लंडचे. आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह. एक काळाकुट्ट, सोनेरी पट्टीचा, उचलायला दोन माणसं लागायची. तो थोरला साहेब. दुसरा आकारानं लहान, तोंडावर चौकड्यांचं कापड. तो धाकटा.

टेम्पोत जागा एकाच साहेबाला. त्यामुळं आज कुठला न्यायचा, यावरनं प्रत्येक कार्यक्रमाआधी भांडण ठरलेलं!

आमचा लीड गिटारवाला सुरेश. त्यानं पहिल्याच दिवशी दोन्ही वाजवून निकाल दिला, "थोरला म्हंजे तांबडा रस्सा. घसा जाळत खाली जातोय. धाकटा म्हंजे पांढरा. गप गोड लागतोय, आन् मागनं मिरी कळती."

मी रिदम गिटार वाजवायचो, आणि आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. म्हटलं, "मला कळेल असं सांग की रे."

दादा वैतागले. "ह्याला कटाची आमटी आन् ताक म्हणून सांगा, आन् वाजवा आता!"

*

पुढं जायच्या आधी सुरेशचं सांगितलं पाहिजे. दिवसा तो कुपवाडला पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर असायचा. आठ तास धडाम धडाम, आणि संध्याकाळी आमच्याकडं गिटार. बोटांत जादू होती गड्याच्या, खोटं कशाला बोलू! पण त्याचे कान जड व्हायला लागलेत, अशी कुजबुज सुरू झाली होती. आणि दादांचा नियम साधा होता, "ज्याचा कान गेला, त्येची खुर्ची गेली." मलकापूरचा एक मास्तर बरी गिटार वाजवायचा, तो अधूनमधून दादांना भेटून जायचा. कशासाठी, ते सुरेशला ठाऊक होतं. आम्हालाही होतं. त्या खुर्चीखेरीज सुरेशला दुसरी हौस नव्हती, दुसरा नाद नव्हता. म्हणून आम्ही कुणी तोंड उघडत नव्हतो.

*

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बटण दाबल्या दाबल्या बोलत नाही. तापायला मिनिटभर लागतं. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं!

साताऱ्यात एका कॉलेजचं गॅदरिंग. सुरेशनं थोरल्याचं बटण दाबलं, तार छेडली. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. शेवटी सगळी बटणं शेवटपर्यंत पिरगाळली. तेवढ्यात प्रमुख पाहुणे माईकवर आले, म्हणून वैतागून गिटार स्टँडला टेकवली. टेकवताना सहाच्या सहा तारांवरनं हात फिरला, आणि साहेब नेमके तेव्हाच जागे झाले!

पाहुणे नुकतेच म्हणाले होते, "मी आपला फार वेळ घेणार नाही." मागनं असा काही गडगडाट झाला, की ते दोन पावलं पुढं उडाले. मग त्यांनी माईक सरळ केला आणि शांतपणे म्हणाले, "घेणार नाही म्हटलं ना!" आणि खाली जाऊन बसले. पोरांनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

*

थोरल्याची आणखी एक खोड होती. आवाज निम्म्याच्या पुढं नेल्याशिवाय तो गायचाच नाही. हळू ठेवला की घुम्यासारखा बसून राहायचा. धाकटा मात्र दोनवर ठेवा, तीनवर ठेवा, काचेच्या बांगड्या वाजाव्यात तसा खळखळायचा. मी धाकट्याच्या बाजूचा, उघड सांगतो. सुरेश थोरल्याच्या बाजूचा.

इस्लामपूरच्या एका लग्नात सुरेशच्या हट्टापायी थोरला नेला. पहिल्याच गाण्यात नवरीचे काका धावत आले. "आवं, आवाज कमी करा की! व्याही काय बोलत्यात, कळंना झालंय!"

सुरेश म्हणाला, "काका, कमी केला की ह्यो बोलतच न्हाई."

काका क्षणभर थांबले. मग खाली वाकून म्हणाले, "मग असाच ऱ्हाऊ द्या. व्याह्यांचं मानपानाचं सुरू झालंय."

*

हा वाद मिटवायला आम्ही मिरजेच्या चाचांकडं गेलो. चाचांची हयात तंबोरे आणि सतारी बनवण्यात गेलेली. तारेखाली रेशमाचा दोरा सरकवून ते अशी जवारी लावायचे, की एका तारेतनं चार आवाज उमटावेत. असा कान जिल्ह्यात दुसरा नव्हता.

दोन्ही साहेब दुकानापुढं मांडले. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. थोरल्याला म्हणाले, "ये गवय्या नहीं, पैलवान है. सम यायच्या आधीच शड्डू मारतोय." धाकट्याला म्हणाले, "इसका गला साफ है. पण जवारी बंद आहे."

आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातनं दोरा काढून सुरेशच्या गिटारीच्या तारांखाली घातला! इलेक्ट्रिक गिटारीला जवारी! जगात कुणी केली नसेल. दोरा केसभर इकडं, केसभर तिकडं. एका जागी तार अशी झणाणली, की मी आणि दादा एकदमच "वा!" म्हणालो.

चाचांनी सुरेशला विचारलं, "खुली?"

सुरेश म्हणाला, "अजून न्हाई वाटत."

चाचांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. दोरा तिथंच ठेवला.  दादांचा चेहरा उतरला होता.

दोरा काढायचा राहिलाच. त्या संध्याकाळी तशीच गिटार वाजली आणि प्रत्येक गाण्याला वन्स मोअर! कार्यक्रमानंतर एक आजोबा स्टेजवर येऊन सगळीकडं बघायला लागले. म्हणाले, "समदी दिसली. सतारवाला तेवढा कुठं लपवलाय?"

*

मग आटपाडीकडचं ते गाव. संध्याकाळची वेळ, सगळ्या विहिरींवर मोटारी सुरू, त्यामुळं व्होल्टेज पार तळाला. बल्ब नुसते लालसर. आम्ही कपाळाला हात लावला. पण सुरेशनं तार छेडली आणि चमत्कार! कमी लायटीवर थोरल्याची मस्ती उतरली होती. पैलवान चक्क ठुमरी गात होता. असा गोड आवाज त्याचा आधी कधी ऐकला नाही आणि नंतरही नाही. सुरेश तर हरखूनच गेला.

दोन गाणी झाली आणि बल्ब लख्ख पेटले. थोरला पुन्हा डरकाळ्या फोडायला लागला. सरपंच छाती काढून आले, "समद्या मोटारी बंद करायला सांगितल्यात. पावण्यास्नी फुल लाईट!"

सुरेश गयावया करत म्हणाला, "सरपंच, मोटारी चालू करा की हो परत!"

समोर घोंगडं पांघरून बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. "आरं, माझी हीर उपसून तुजं गिटार गोड करतोस व्हय रं!"

*

आता शेवटचं.

चाचांच्या दुकानातलं दादा विसरले नव्हते. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. स्टेजवर पडदा, पडद्याआड फळ्यांवर दोन्ही साहेब, आणि मी गिटार घेऊन. पडद्यापुढं, स्टेजवरच, खुर्चीवर सुरेश, आमच्याकडं पाठ करून. शेजारी दादा. "धा येळा वाजंल. कुठला साहेब ते सुरेशनं सांगायचं. न्हाई जमलं, तर मलकापूरकराला निरोप धाडायचा."

आवाज दोन्हींचा सारखा ठेवायचा, अशी मला ताकीद होती. मी वाजवलं.  सुरेश म्हणाला, "परत वाजव." परत वाजवलं. पुन्हा तेच, "परत."  तो म्हणेल तेच बरोबर, असं ठोकून देऊन त्याला वाचवावं असं फार वाटलं, पण दादांची नजर पडद्याच्या फटीवरच होती.

मग सुरेश म्हणाला, "गरम होतंय लय." त्यानं चपला काढल्या आणि पाय फळ्यांवर सपाट टेकवले. "हां, वाजव."

"थोरला." बरोबर.

"धाकटा." बरोबर.

"परत धाकटा. आता थोरला." बरोबर, बरोबर! दहाच्या दहा! बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फटीतनं बघितलं. थोरल्याचा खर्ज फळ्यांतनं पुढं जात होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर देण्याआधी सुरेशच्या पायाचा अंगठा फळीवर हलकेच दबत होता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी गिटारीच्या खुंट्या पिळत बसलो.

दादा खाली मान घालून फळ्यांकडं बघत उभे होते. मग म्हणाले, "बास. कान तयार हाय."

चार दिवसांनी शिरवळच्या बाजूला एका गावात जत्रेचा कार्यक्रम. डिसेंबरचे दिवस. दिवस मावळतानाच असं वारं सुटलं होतं, की बोटं वाकत नव्हती. दादांनी टेम्पोतनं कुणाला न विचारता थोरला उतरवून घेतला. स्टेजवरची सतरंजी गुंडाळायला लावली. साहेब थेट फळ्यांवर ठेवला, सुरेशच्या खुर्चीला लागून. आणि जाहीर केलं, "आजपास्नं स्टेजवर समद्यांनी अनवाणी."

सुरेशनं दादांकडं पाहिलं. दादांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

ड्रमवाला कुरकुरला, "आवं दादा, थंडी बघा की! इतकी वर्सं बूट घालूनच वाजवतोय आपण."

दादांचे ते पांढरे बूट सांगली-साताऱ्यात प्रसिद्ध होते. पंधरा वर्षांत त्या बुटांशिवाय ते माईकपुढं गेले नव्हते. ते खाली वाकून लेस सोडत म्हणाले, "स्टेज हाय त्ये. देवघरात बूट घालून जातोस काय रं?"