पिंपरीचं मंडळ आणि बिल्ला नसलेला माणूस

विसर्जनाची मिरवणूक पाहायला जाताना नवं पायताण घालू नये, हा नियम मी स्वतः कागदावर लिहिला, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला आणि नवे बूट घालून निघालो.

(बूट दसऱ्यासाठी घेतले होते. पण सासरा बरोबर असताना जावयाने झिजलेल्या चपलेत फिरावं, हे मनाला पटेना.)

त्या वेळी मी पिंपरीच्या माळावर नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. शिफ्टच्या सुरुवातीला फाटकाशी उभं राहून कामगारांना नंबराचे पितळी बिल्ले वाटायचे, सुटताना परत घेऊन फळ्यावर टांगायचे, आणि कुठला खिळा रिकामा आहे यावरून आत कोण राहिलंय ते ओळखायचं, एवढंच काम. पण ते माणसाला चढतं. वर्षभरातच माझी खात्री झाली, की जगातली कुठलीही गर्दी बिल्ल्यांनी आवरता येते.

तशात हिचे वडील, आबा, साताऱ्याकडून आले. सोबत सासूबाई. आबा गावचे शिंपी. चाळीस वर्षं सुईच्या नाकात बघून डोळे थकले होते, त्यात दोन्हीकडे मोतीबिंदू. दसऱ्यानंतर ऑपरेशन ठरलं होतं आणि आबांनी त्याची जबरदस्त धास्ती घेतली होती.

"डोळं ऱ्हात्यात का जात्यात, देव जाणे," ते म्हणाले. "त्याच्या आधी एकदा पुण्याच्या मिरवणुकीतला गणपती बघून घ्यावा म्हन्तो."

हिने माझ्याकडे पाहिलं. 'एवढं एक नीट करा,' असं त्या पाहण्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

हे वाक्य मी जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा तेव्हा ही उठून आत गेली आहे. त्या दिवशीही गेली.

माझ्या कारखान्यातला दिनकर लक्ष्मी रस्त्यावर राहायचा. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी मी ठरवून टाकली.

"अहो, आबांना दहा हातांपलीकडचं दिसत नाही," ही म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावरून काय दिसणार?"

"उंचावरून सगळं दिसतं."

"तुम्हाला दिसतं."

मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण मी नियम लिहीत होतो. ते सगळे इथे देत नाही. थोडक्यात, मिरवणूक पाहायला जाणाऱ्याने पोटभर जेवून निघावं, पाण्याचा तांब्या बरोबर ठेवावा, दागिने घरी ठेवावेत आणि सगळ्यांनी मिळून एक दोर धरावा. शेवटचा नियम माझा सगळ्यात लाडका होता: जो हरवेल त्याने असेल तिथेच उभं राहावं, बाकीचे शोधत येतील. हा मी मुलांकडून आणि सासूबाईंकडून पाठ करून घेतला.

बिल्ले अर्थात केलेच. पुठ्ठा गोल कापला, त्यावर लाल शाईने नंबर घातले आणि वर 'पिंपरी' असं ठळक लिहिलं. आबा एक नंबर, सासूबाई दोन, ही तीन, आमची दोन मुलं चार आणि पाच.

"आन् तुमचा, जावईबापू?" आबांनी विचारलं.

"बिल्ले वाटणाऱ्याला बिल्ला नसतो," मी म्हणालो. कारखान्यातही नसतो. हा माणूस हरवू शकेल अशी कल्पनाच त्या व्यवस्थेत केलेली नाही.

चिंचवड स्टेशनावरून सकाळच्या गाडीने निघालो. पुण्यात उतरलो तेव्हा डाव्या टाचेला बूट चावू लागला होता. लक्ष्मी रस्त्याला लागेपर्यंत उजव्याही बुटाला ते कळलं. पुढे मी, हातात लाल फडकं बांधलेली छत्री उंच धरून. मागे घरच्या वाळवणाचा दोर धरून पाच माणसं, छातीवर नंबर. लोक आमच्याकडे वळून पाहत होते. मला वाटलं, शिस्त पाहताहेत.

दिनकरचं घर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आणि मिरवणूक मधून चाललेली. (नवख्यांनो, आधी विचारून घ्या: कुठली बाजू? मी विचारलं नव्हतं.) एक मंडळ पुढे सरकलं, मागचं अजून यायचं होतं. मधे मोकळी जागा दिसली.

"चला, एका दमात पलीकडे," मी म्हणालो आणि सगळ्यांना रस्त्यात उतरवलं.

बरोबर मध्यावर माझ्या टाचेने संप केला. मी छत्री आबांच्या हातात दिली, म्हटलं, "धरा एक मिनिट," आणि बूट सैल करायला खाली वाकलो.

तेवढ्यात फेटेवाला एक स्वयंसेवक धावत आला. त्याने उंच धरलेली लाल छत्री पाहिली, दोर पाहिला, बिल्ले पाहिले.

"कुठलं मंडळ?" त्याने आबांना विचारलं.

"आमी पिंपरीचं," आबा खरं तेच बोलले.

"पिंपरी? एवढ्या लांबून? अरे, जागा द्या पिंपरीला! चला बाबा, रेंगाळू नका, मागून रथ येतोय."

मी बूट हातात घेऊन ताठ झालो, तोवर माझं सगळं कुटुंब मिरवणुकीला लागलं होतं. मी मागे धावलो. स्वयंसेवकाने काठी आडवी धरली.

"भाऊ, मधे घुसायचं नाही."

"अहो, माझी माणसं आहेत ती."

"सकाळपासून सगळे हेच सांगतायत. बिल्ला कुठाय?"

"बिल्ले मीच वाटलेत!"

"मग स्वतःला एक ठेवायचा होता की राव."

त्याने मला दंडाला धरून एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवलं. ठेवलं म्हणजे अगदी घागर ठेवावी तसं.

आता कोण हरवलं होतं? मी. नियम कोणाचा? माझा. मी तिथेच उभा राहिलो.

समोर दुसऱ्या मजल्यावरून दिनकर ओरडत होता, "अरे, वर ये, चहा झालाय!"

"येता येत नाही. मी हरवलोय."

"मला तर दिसतोयस!"

मग त्याने गॅलरीतून बाहेर वाकून मला बातम्या द्यायला सुरुवात केली. "तुझ्या सासऱ्यांना कुणीतरी फेटा बांधलाय." थोड्या वेळाने, "सासूबाई फुगडी घालतायत." मग मुलांच्या हातात झांजा आल्याचं कळलं. शेवटी तो म्हणाला, "आता कोपऱ्यावरून वळले, दिसत नाहीत. पण वहिनींनी वळताना मागे पाहिलं हं." कसं पाहिलं असेल ते मला न बघताही दिसलं.

मग मात्र माझं अवसान गळालं. आबांना वरून दिसलं नसतं, पण निदान टेकायला खुर्ची मिळाली असती. आता ते मोतीबिंदूचे डोळे घेऊन ढोलताशांत, गुलालात, धक्के खात कुठे असतील? ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट मागितली होती म्हाताऱ्याने. दुपारभर मी पायरीवर उभा होतो, अनवाणी, गळ्यात बूट अडकवून.

उन्हं कलताना लाल छत्री दिसली. आबा पुढे, फेट्यात, नखशिखांत गुलाल. मागे दोर, दोराला चौघं. एकही हरवलं नव्हतं.

"आबा, फार हाल झाले का? काही दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं का?" आबा म्हणाले. "रथाच्या चाकाशी चाललो की मी. हात लांब केला तर मूर्तीच्या पायाला लागंल, एवढ्यावर. सोंडंवरची नक्षी दिसली, डोळं दिसलं." मग हळूच म्हणाले, "आन् रथाच्या झालरीची शिवण वाकडी हाय. सांगितलं मी त्यान्ला. फुडच्या साली मी शिवून देतो म्हन्लं. ऑपरेशन हुतंय तवर."

धास्ती गेली होती. ती मी घालवली असं मी बरीच वर्षं सांगत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला निघालो, जुन्या चपला घालून, तेव्हा ती समोर आली आणि माझ्या सदऱ्यावर टाचणीने काहीतरी लावलं. उरलेल्या पुठ्ठ्याचा गोल बिल्ला होता. सहा नंबर.

"हे काय आता?"

"पुढच्या वर्षीसाठी," ही म्हणाली. "जो हरवतो त्याला बिल्ला लावायचा असतो. आम्हाला पाचजणांना उगीच लावलात."