शेगडी बंद करायला गेलेला माणूस

“या मोबाईलच्या जमान्यात कसले आलेत समुद्री चाचे?” असं कुणी हसून विचारलं की माझं डोकंच फिरतं. या म्हणावं आमच्या घरी, माझ्या धाकट्या भावाला बघायला! मालवाहू जहाजावर आचारी होता. चाच्यांनी सगळ्यांना सात महिने डांबून ठेवलं. सुटून दोन वर्षं झाली, तरी गॅस बंद केला की हा तीन-तीनदा बटण चाचपतो. मी खेकसायचे, “अरे, किती वेळा बघशील?” हा आपला पुन्हा चाचपायचा.

परवा सकाळी एक बाई आली. तिचा मुलगा त्याच जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघायचा. तो तिथेच, कैदेत, तापाने गेला. बाई बसलीसुद्धा नाही.

“कंपनीच्या कागदात लिहिलंय, माझ्या पोराने दार उघडलं म्हणून सगळे सापडले. भित्रा होता म्हणे. शेजारीपाजारी तोंडावर बोलतात. तू होतास ना तिथे? खरं काय ते सांग, बाबा.”

भाऊ दूध तापवत होता. पातेल्याकडे बघतच बोलायला लागला.

“भोंगा झाला की सगळ्यांनी खालच्या पोलादी खोलीत शिरायचं. आतून कडी. मदत येईपर्यंत उघडायचं नाही. मी शिरलोही होतो, मावशी. मग आठवलं, शेगडीवर तेल तापतंय. भर समुद्रात आग लागली तर पळणार कुठे? धावत वर गेलो. शेगडी बंद करून वळतोय, तर मानेला बंदूक.”

यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

“दारापाशी नेऊन म्हणाले, हाक मार. मी तुमच्या पोराला हाक मारली. तोच उघडेल, हे मला ठाऊक होतं. दाराजवळ तो एकटाच होता, माझी हाक बाकी कुणाला ऐकू गेली नाही. चौकशीत मी त्या हाकेबद्दल चकार शब्द काढला नाही.”

बाई मटकन खाली बसली. आता थोबाडीत देते की काय, असं वाटलं. दिली असती तर मी मध्ये पडले नसते, सख्खा भाऊ असला तरी.

“म्हणजे घाबरून नाही उघडलं त्याने?”

“नाही, मावशी. माझ्यासाठी उघडलं.”

तिने पदराने तोंड पुसलं आणि उठली. “चल. आमच्या गल्लीत येऊन हेच सांग. सगळ्यांसमोर.”

तो चपला घालून तिच्यामागे निघाला. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. गॅस मीच बंद केला.