खेटून लावलेली मिरची

विमल मला कधीच हातात मिरची द्यायची नाही. अजनीच्या सरकारी क्वार्टरांत तिचं-माझं अंगण शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. ओंजळभर हिरव्यागार मिरच्या ती त्या भिंतीवर ठेवायची आणि म्हणायची, "उचल वं. हातात नाही देत, भांडण होते."

त्या मिरच्या पाहिल्या की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. न्हाणीच्या पाण्यावर तिचा खाटेएवढा वाफा, त्यात रोपं अशी दाटीवाटीनं की बोट शिरू नये. माझा वाफा दुप्पट मोठा. दोरी लावून, हात-हात अंतर सोडून मी रांगा धरलेल्या. पण मार्च उलटला की माझी फळं उन्हानं पांढरी पडायची आणि तिची पानांआड मजेत लोंबायची.

"एकटी मिरची उन्हात जळते वं," ती मला समजवायची. "खेटून लाव. एकमेकीच्या सावलीत राहतेत त्या."

ऐकते कशाला मी! तिचं ऐकून मिरच्या आल्या असत्या, तर त्याही तिच्याच झाल्या असत्या.

या जळफळाटाचं मूळ जेवणाच्या ताटात होतं. सासूबाई सावनेरकडच्या, शेतीवाल्या घरातल्या. माझ्या हातचं काही त्यांना कधी आवडलं नाही. पण विमलच्या मिरचीचा ठेचा भाकरीवर घेतला की भिंतीकडे तोंड करून ओरडायच्या, "वा वं पोरी!" मिरच्या मी निवडायच्या, ठेचा मी वाटायचा, आणि पोरगी ती! एकदा तरी ते शब्द मला हवे होते.

एका उन्हाळ्यात तिनं ओंजळ भिंतीवर ठेवायला आणली, तसा मी हात पुढे केला. "आज हातातच दे मले." भांडण हवंच होतं मला, पण इतकी भली बाई, भांडायला कारण म्हणून देईना. विमलनं माझ्याकडे पाहिलं आणि मिरच्या सरळ माझ्या तळहातावर ठेवल्या.

"घे. भांड आता, काय भांडाचं ते."

मी आपली मिरच्या मोजायला लागले.

तीच म्हणाली, "माहाच जीव जळते वं तुह्यावर. माह्या नवऱ्याच्या पोटात अल्सर, घरात मिरची शिजत नाही. तुह्या घरून पाट्याचा आवाज आला का मी दार लोटून घेते."

इतकी वर्षं मी जळत होते, आणि ही पलीकडे माझ्यावरच जळत होती! खरं सांगते, फार बरं वाटलं मला.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याची पुलगावला बदली झाली. जाताना तिनं बी दिलं. मी अगदी तिच्यासारखंच खेटून लावलं. वाफा असा भरला की येणारे-जाणारे थांबून पाहायचे. ठेचा वाटला, सासूबाईंच्या ताटात वाढला आणि दाराशी उभी राहिले.

त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. "चांगला झाला," म्हणाल्या. "पण विमलच्या मिरचीची सर नाही वं."

बी तिचं, रीत तिची, तरी सर नाही! आणि ही बया तिकडे पुलगावात. चार शब्द भांडावं म्हटलं, तर भिंतीपलीकडे कोणी नाही.