फडक्याच्या गाठीतला कंगवा

आम्ही बायका डोक्यात गजरा माळतो, ती कंगवा माळायची. डोक्याला कायम एक रंगीत फडकं घट्ट गुंडाळलेलं, उजव्या कानाच्या वर त्याची गाठ, आणि त्या गाठीत खोचलेला लांब, विरळ दातांचा लाकडी कंगवा. बहरीनमधल्या गुदैबियात आमच्या गल्लीच्या टोकाला, एका किराणा दुकानाच्या वर, बायकांचं सलून होतं. पडदा सारून आत गेलं की आधी कंगवा दिसायचा, मग ती. तिने पहिल्या दिवशी सांगितलेलं नाव मी दुसऱ्या दिवशी विसरले, आणि तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. म्हणून घरात मी तिला कंगवाबाई म्हणायला लागले, आणि पुढे तिच्या तोंडावरही. तिने अर्थ विचारला, मी सांगितला, तर म्हणाली, "अच्छा नाम है. इधर तो सब मेरेको 'यू' बोलता है."

ती केनियातल्या मोंबासाची. सलूनमध्ये यायच्या आधी आठ वर्षं एका गुजराती कुटुंबात कामाला होती, तिथून हिंदी उचललेली. ती हिंदी आणि माझी सातारची हिंदी यांचं पहिल्यापासून जमलं, कारण दोघींच्याही क्रियापदांना कसली घाई नव्हती.

आमच्या घरात ती आली ती माझ्या सुनेमुळे. माझा मुलगा निखिल हिद्दला इंजिनिअर. त्याने लग्न केलं ते ग्रेसशी. तीही केनियाचीच, सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स. लग्न ठरलं तेव्हा मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत असे. निखिल ऑफिसला गेला की मी दुपारी व्यवस्थित जेवत होते. तिसऱ्या दिवशी ग्रेस घरी आली, तिने माझं ब्लडप्रेशर तपासलं आणि सांगितलं, "मम्मी, लोणचं जरा कमी करा." उपाशी बाईला लोणचं कमी करायला सांगणारी मुलगी हुशार आहे, एवढं माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग मीरा झाली. तिचे केस काळेभोर, दाट, एकेक बट पेनातल्या स्प्रिंगसारखी. बोटाने ओढली तर खांद्यापर्यंत यायची, सोडली की टुणकन कानावर जाऊन बसायची. त्या केसांचं सगळं ग्रेस आणि कंगवाबाई बघायच्या. मला हात लावू देत नसत असं नाही. मीच लांबून म्हणायचे, "तेल कमी पडतंय पोरीला."

मीरा सात वर्षांची असताना ग्रेसची आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ग्रेसला अडीच महिने माहेरी जावं लागलं. जाताना तिने फ्रिजवर एक कागद लावला. केस कोरडे कधीच विंचरायचे नाहीत. आधी पाणी, मग कंडिशनर, मग कंगवा. झोपताना सॅटिनची टोपी. एकाआड एक शुक्रवारी कंगवाबाईकडे. मी तो कागद नीट वाचला आणि त्याच्यावर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची पत्रिका लावून टाकली. मी तेव्हा फक्त बासष्ट वर्षांची होते. त्या वयात माणसाला सगळं येत असतं.

मी माझ्या आईची पद्धत काढली. शुक्रवारी सकाळी कोमट खोबरेल, शिकेकाई, टॉवेलने खसाखसा पुसणं, आणि केस खडखडीत वाळले की फणी. हो, फणी. साताऱ्याहून आणलेली, बारीक दातांची. मीराला दोन गुडघ्यांत धरायचं आणि टाळूपासून खाली ओढायचं. पहिल्याच शुक्रवारी फणीचे तीन दात गेले. मला वाटलं, फणी जुनी झाली.

"आजी, इट हर्ट्स."

"वेणीला रडायचं नसतं. माझी आई घालायची तेव्हा माझे डोळे कानापर्यंत ओढले जायचे. म्हणून बघ केस कसे होते माझे, गुडघ्यापर्यंत."

कमरेपर्यंत होते. गुडघ्यापर्यंत ते मी बहरीनला आल्यावर वाढले, कारण इथे ते पाहिलेलं कुणी नव्हतं.

सॅटिनची टोपी मला नाटकातली वाटायची, ती मी कपाटात ठेवून दिली. मीरा सुती उशीवर झोपायची आणि सकाळी उशीवर तुटलेल्या केसांची बारीक वेटोळी पडलेली असायची. मी ती झटकून टाकायचे. तिसऱ्या शुक्रवारी तिच्या कानशिलापाशी केसांतून कातडी दिसायला लागली. मी वेणी थोडी पुढून घेतली, म्हणजे ते झाकलं जाईल.

त्याच सुमारास मंडळाच्या कोळीनृत्याची तालीम सुरू झाली. आठ मुली, आठ टोपल्या, आठ अंबाडे. नाच बसवणाऱ्या बाई गोड बोलायच्या. सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "आजी, मीराचे केस जरा बसवता येतील का हो? म्हणजे ओळीत सगळ्या सारख्या दिसतील."

मी तिथल्या तिथे चार शब्द ऐकवायला हवे होते. मी हसून "बघते" म्हणाले. लिफ्टमध्ये मीरा आरशात न बघता म्हणाली, "आजी, कॅन यू मेक इट लाइक युअर्स?" आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. मनातून मलाही तेच हवं होतं. सात वर्षं हवं होतं. हे मी आज लिहिते, कारण आज मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे आणि माझ्याकडून कुणाची फार अपेक्षा उरलेली नाही.

आमच्या इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, रिलॅक्सरचा खोका मिळाला. रिलॅक्सर म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करायचं मलम. खोक्यावर एक मुलगी हसत होती, तिचे केस धबधब्यासारखे. तो खोका आणि मीरा घेऊन मी सलूनमध्ये गेले.

तिथे हे मलम लावतात हे मला ठाऊक होतं, कारण ग्रेसचे केस कंगवाबाईच सरळ करायची. एरवी ती अखंड बोलायची, पण मलम हातात घेतलं की वेगळीच बाई व्हायची. आदल्या दिवसापासून डोकं खाजवायचं नाही, अशी ताकीद. मग कपाळाच्या कडेने, कानांवर, मानेवर आणि भांगाभांगातून व्हॅसलीन. मलम फक्त नव्या वाढलेल्या मुळांना. जुन्या सरळ झालेल्या केसांना पुन्हा लागू द्यायचं नाही, नाहीतर तिथेच तुटतात. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. त्या वेळात फोन वाजला तरी घ्यायची नाही. एकदा मी मध्येच काहीतरी विचारलं तर तिने घड्याळावरची नजर न काढता नुसता हात वर केला. मला वाटलं, केवढी शिष्ट आहे.

मी खोका पुढे केला. "सीधा करने का है. ग्रेस का करती है ना, वैसा."

तिने खोक्याकडे पाहिलंच नाही. मीराची वेणी एका बोटाने बाजूला केली. "ये किसने किया?"

"मी... मैंने वेणी डाली. जरा टाइट हो गई होगी."

"सूखा कंघी किया?"

 मीरा म्हणाली, "एव्हरी फ्रायडे. विथ ऑइल." माझी नात साक्ष फार छान देते.

"आजी, ग्रेस बडी है. उसका सर, उसका मर्जी. ये सात साल का है. मैं नहीं करती."

"मैं दादी है उसकी. मैं बोलती है ना."

"तुम बोलो. मेरा हाथ नहीं करेगा."

"तो मैं दूसरे सलून में जाएगी."

"जाओ. ये रोड पे तीन है, तीनों करेगा." तिने गाठीतला कंगवा उपसला. "लेकिन पहले बैठो."

"मीरा, बस गं."

"मीरा नहीं. तुम."

मी का बसले ते मला अजून कळलेलं नाही. तिने माझा अंबाडा सोडला. तो सुटायला वेळ लागला नाही, सुपारीएवढाच होता. मीरा निरखून बघत म्हणाली, "आजी, यू सेड टिल द नीज." कंगवाबाईने ड्रॉवरमधून एक बारीक दातांची फणी काढली आणि माझ्या कोरड्या केसांतून टाळूपासून खाली एकच हात ओढला. मी "आई गं" म्हणाले, तर मीराने माझा हात धरला. मला दुखतंय म्हणून. तीन शुक्रवार मी तिचा हात धरला नव्हता, गुडघ्यांत दाबून धरलं होतं.

मग कंगवाबाईने पाणी फवारलं, कंडिशनर चोळलं, एक बट वरून मुठीत पकडली आणि अगदी टोकापासून विंचरायला लागली. टोक सुटलं की बोटभर वर, ते सुटलं की आणखी बोटभर. काही जाणवतच नव्हतं. "कंघी नीचे से ऊपर जाता है, आजी. सीढी जैसा. ऊपर से कूदेगा तो पैर टूटेगा." थोड्या वेळाने म्हणाली, "बाल गुस्सा नहीं है. हाथ गुस्सा है."

माझे केस दुसऱ्या कुणी विंचरले त्याला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती. मी डोळे मिटून घेतले. मिटले नसते तर समोर आरसा होता.

पुढचे शुक्रवार मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून शिकले. ओले केस, चार भाग, तीन भाग चिमट्यांत अडकवून ठेवायचे आणि एकाच भागाशी बोलायचं. बोटांनी गुंता सोडवायचा, मग कंगवा. शेवटी शिया बटर, ओल आत राहावी म्हणून. माझं खोबरेल तिने हद्दपार केलं नाही. "तेल अच्छा है. पानी के बाद," एवढंच म्हणाली. सैल पेड घालायचे आणि कानशिलाजवळच्या केसांना कशातच ओढायचं नाही. "वो बेबी है. सोने दो." मग एक दिवस कंगवा माझ्या हातात दिला. "यल्ला आजी, अब तुम." माझा पहिला भांग बघून विचारलं, "ये रोड किधर जाता है?"

गणपतीच्या दिवशी तिने मीराच्या केसांच्या बारीक, सैल वेण्या डोक्यालगत घालत वर नेल्या आणि माथ्यावर असा अंबाडा बांधला की मी बघत राहिले. मनाम्याच्या बाजारातून आणलेला मोगऱ्याचा गजरा नुसता टेकवला, तर बसला. पिन लागली नाही. दुसऱ्या कडव्याला तीन मुलींचे अंबाडे सुटले, एकीचं गंगावन टोपलीत पडलं. नाच बसवणाऱ्या बाई विंगेतून हातवारे करत होत्या. मीराचा मोगरा जागचा हलला नाही. मी त्या बाईंना शेवटी ते चार शब्द ऐकवले. उशिरा ऐकवले, पण मुरलेले होते.

ग्रेस आली तेव्हा विमानतळावरून येताना गाडीतच मी सगळं कबूल केलं. म्हणजे मीराने सांगितलं आणि मी नाकारलं नाही. ग्रेसने मागे वळून मीराच्या कानशिलावरची बारीक नवी लव बोटाने चाचपली.  मग म्हणाली, "मम्मी, आजपासून शुक्रवारचे केस तुम्हीच करा. पण कागद फ्रिजवर राहू दे."

चार वर्षांनी कंगवाबाईचा व्हिसा संपला आणि ती कायमची मोंबासाला निघाली. शेवटच्या शुक्रवारी मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. सलूनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तिने लाडू ठेवले, दाराला कडी घातली, माझ्या पुढ्यातल्या बुटक्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसली आणि फडकं सोडलं.

इतक्या वर्षांत तिचे केस मी कधी पाहिले नव्हते. मधोमध होते, आखूड, पिकलेले. दोन्ही कानशिलांवर मात्र काही नव्हतं. कानाच्या वर चार बोटं, तळहातासारखी गुळगुळीत कातडी.

"मेरा आंटी ने किया," ती म्हणाली. "मैं छे साल की थी. चर्च में शादी था, सब लडकी का बाल सीधा होना था. मैं बोली, जलता है. वो बोली, थोडा सहो, सुंदर दिखेगी." मग म्हणाली, "बहुत प्यार करती थी मेरेको, वो आंटी."

 तिने खांद्यावरून मागे कंगवा दिला. मी पाणी फवारलं, कंडिशनर लावलं. चार भाग पाडण्याइतके केस नव्हते, तरी चार पाडले. टोकापासून सुरुवात केली. दुसऱ्या भागाला तिची मान कलली, तिसऱ्याला ती माझ्या गुडघ्याला टेकून झोपली. दिवसभर उभी असणारी बाई. मी चौथा भाग पुन्हा पुन्हा विंचरत बसले.

जागी झाली तेव्हा फडकं बांधताना तिचा हात सवयीने गाठीकडे गेला. कंगवा मी पुढे केला. तिने घेतला नाही. "तुम्हारा है. मीरा का सर बडा हो गया, हाथ भी बडा होना."

मी तो ऐटीत माझ्या अंबाड्यात खोचला. पडला. पुन्हा खोचला, पुन्हा पडला. सुपारीला कंगवा पेलत नव्हता. ती हसली, माझी ओढणी खांद्यावरून ओढून घेतली, माझ्या डोक्याला घट्ट गुंडाळली, उजव्या कानावर गाठ मारली आणि कंगवा त्या गाठीत खोचून दिला. मग आरशाकडे माझं तोंड वळवून म्हणाली, "खलास. अब मैं जाती."

त्या अवतारात मी गुदैबियातून चालत घरी आले. कोल्ड स्टोअरच्या दारात उभा असलेला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "मौसी, सब ठीक?" त्याने विचारलं. मी मान हलवून हो म्हणाले. जपून हलवली, पण गाठ पक्की होती.