आतेभावाची बोट आणि आमची जीभ

यंदा, दोन हजार तीन साली, होळीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या लोणीत माझ्या आतेभावावर अन्याय झाला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून समुद्रावर जायची त्याच्याइतकी तयारी केलेला दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्याने समुद्र अजून पाहिलेला नाही, हेही सांगतो.

बारावीला असताना त्याने कुठेतरी वाचलं, की मालवाहू जहाजांवर पोरं घेतात, आधी वर्षभर शिकवतात आणि मग जगभर नेतात. त्या दिवसापासून त्याचं बूड जमिनीला टेकलं नाही. जेवायचा उभ्याने, पाठांतर करायचा आवारात येरझारा घालत, आणि आत्या ओरडली की म्हणायचा, "आई, बोट हलती असती. आत्तापास्नं सवय नको?" बोट लागते, म्हणजे पोटात ढवळतं, हे कळल्यावर तो दर रविवारी घोडेगावला जाऊन डोंगरातल्या गावांची एसटी पकडू लागला. मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायचा, मुद्दाम दोन वडापाव खाऊन. कंडक्टर कळवळून सांगायचा, "भाऊ, पुढं ये की, मागं हाडं खिळखिळी व्हतील." हा म्हणायचा, "त्याच्यासाठीच तिकीट काढलंय, मास्तर." संध्याकाळी हिरवापिवळा होऊन परतायचा आणि वहीत लिहायचा, 'आज डिंभ्याच्या पुढे तीन वळणं टिकलो.' सहा महिन्यांनी तो शेवटच्या गावापर्यंत टिकला, तेव्हा त्याच कंडक्टरने त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

जहाजावर चार तास पहारा आणि आठ तास सुट्टी असते म्हणे. मग हा कॉलेज सुटल्यावर घराच्या पत्र्यावर चढून चार तास पहारा करायचा. वहीत नोंदी अशा: 'वारा पश्चिमेचा. उसाचे ट्रॅक्टर सात, दिशा पारगाव. एक कलंडला.' सुट्टीत वडिलांच्या मेंढरांमागे जायचा तर मेंढरांना हुकूम इंग्रजीतून द्यायचा. मेंढरं त्यांना हवं तिकडेच जायची, पण हा खचायचा नाही. पुस्तकातल्या दोरांच्या गाठी पाठ करताना एकदा अडला, तर त्याच्या वडिलांनी पुस्तकाकडे न बघता ती गाठ मारून दाखवली. वाघराच्या जाळीला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला, ते जन्मभर तीच मारत आले होते. वर म्हणाले, "आमच्या किती पिढ्या फिरत्यात, आजवर कुणाला परीक्षा द्यावी लागली न्हाई."

याने दिली. पासही झाला. मुंबईहून पत्र आलं: जून संपायच्या आत पासपोर्ट दाखवा, जागा तुमची, आणि वयाच्या अटीमुळे ही संधी शेवटची. त्याने पासपोर्टचा अर्ज केला. आता गावात पोलीस चौकशी व्हायची बाकी होती.

होळीच्या आदल्या दिवशी त्याच्या घराला कुलूप होतं. वडील मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेले, आत्या त्यांच्याबरोबर, आणि हा त्यांना बाजरीचं पीठ पोचवायला जुन्नरमार्गे गेलेला, चार दिवसांसाठी. मी सलूनमध्ये दाढीला बसलो होतो, मांडीवर एसटीच्या वेळापत्रकाविरुद्धची पत्रकं. मोटारसायकलवरून एक गृहस्थ उतरले. सफारी, काखेत फाईल. आतेभावाचं नाव घेऊन विचारलं, "पोरगा कसा आहे? इथंच राहतो का?"

आमच्याकडे परका माणूस लग्नाच्या वयाच्या पोराविषयी असं विचारू लागला, की तो मुलीकडचा. दुसरा अर्थ गावाला माहीतच नाही. न्हाव्याने माझा गाल अर्धा सोडून वस्तरा पुसला.

"या पावणं, बसा. इथं? इथं कशाला ऱ्हाईल त्यो? बोटीवर हाय, बोटीवर!"

"कधीपासून?"

"झालं की वर्ष," मी साबणातून म्हणालो. "सिंगापूरला असतो. सहा सहा महिने येत नाही."

"काही केस वगैरे?"

"राव, त्याला पोलीस स्टेशन कुटं हाय त्येबी ठावं न्हाई."

पाहुण्यांनी सगळं लिहून घेतलं. चहा झाला. मग न्हाव्याने नम्रपणे विचारलं, "मुलगी किती शिकलीया?"

"कुणाची मुलगी?" म्हणत त्यांनी पोलिसाचं ओळखपत्र काढलं.

आम्ही दोघांनी एकदम खरं सांगायला सुरुवात केली. ते उठले. "मघाशी खोटं बोलत होता की आता?" कागदावर शेरा पडला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

साध्या वेशात का आलात? आधी ओळख का दिली नाहीत? कुलूप दिसलं तर पुन्हा एक फेरी का नाही? हे तिन्ही प्रश्न मी लेखी विचारले आहेत आणि विचारत राहीन. पण सिंगापूर त्यांनी म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं.

आतेभाऊ परतल्यावर मी सगळं सांगितलं. "सिंगापूर कशाला सांगितलंस? न्यूझीलंड तरी सांगायचं. तिथं मेंढरं असत्यात," तो म्हणाला आणि हसला. मग हळूच म्हणाला, "मी इथंच असतो रं. हितनं कुटं गेलोय मी अजून?"

त्याने पुन्हा अर्ज केला आहे. जून लांब नाही. माणूस पुन्हा येईल, बहुधा सफारीतच. लोणीकरांनो, तो इथला आहे असं कुणीतरी लिहून देईल तेव्हाच त्याला इथून जाता येईल, आणि एकदा गेला की आपल्या वाट्याला किती येईल कुणास ठाऊक. तरी माझं मागणं एवढंच आहे. तुम्हाला कुणी विचारलं, तर त्याचं कौतुक करू नका, मुलगी किती शिकली ते विचारू नका. "हो साहेब, इथंच राहतो," एवढं म्हणा आणि गप्प बसा.