‘बॉस, लाइन बंद आहे का?’

परांच्या बांधणाऱ्यांना किस्से शोधावे लागत नाहीत. संध्याकाळी बूट झटकले की मातीबरोबर दोन-चार पडतातच! आमच्या सिडनीच्या टोळीतले बहुतेक किस्से बॉस टेरी आणि माझा दादा यांचे. नववीत शाळा सोडलेल्या मला दादानेच या कामाला लावलं.

*

वेंटवर्थव्हिलला एका दुमजली घराचं काम होतं. अंगणावरून विजेची तार गेलेली. दादाने विचारलं, ‘तारेपासून किती लांब राहायचं?’

टेरीने लोखंडी पाइप उचलला आणि तारेच्या दिशेने उभा धरला. ‘टेकत नाही ना? मग लांबच आहे, मेट!’

*

मग तारेवर पिवळ्या-काळ्या नळ्या चढल्या. टेरी खूश. ‘आता खुशाल हात लावा!’

नळ्या बसवणारा माणूस गाडीत बसता बसता थांबला. ‘त्या फक्त तार दिसावी म्हणून आहेत. शॉक तेवढाच बसतो.’

‘दिसत तर आधीपण होती!’ टेरी त्याच्यावरच भडकला.

*

नियम असा, की एकाने खाली उभं राहून नुसतं तारेवर लक्ष ठेवायचं. टेरीने पंजाबच्या जस्सीला उभं केलं आणि थोड्या वेळाने कॉफी आणायला पिटाळलं.

दादा वरून ओरडला, ‘आता तारेकडे कोण बघणार?’

‘तार काय पळून जाणार आहे?’

*

दादाचा रोज सकाळी एकच प्रश्न, ‘बॉस, लाइन बंद आहे का?’ टेरीचं एकच उत्तर, ‘बंद करून घ्यायला आठवडे लागतात. नो वरीज!’

शेवटी सगळी टोळी गुड मॉर्निंगऐवजी तेच म्हणायला लागली. जस्सी तर फोन उचलतानाही, ‘हां पाजी, लाइन बंद है?’

*

गेल्या महिन्यात दादाच्या हातातला पाइप तारेला लागला. दादा जागीच गेला.

टेरीने फोन केला, वीजवाल्यांची गाडी आली, लाइन बंद झाली. जस्सीने आणलेली कॉफी अजून गरम होती. आठवडे लागतात म्हणे!

*

इथे अग्नी द्यायला बटण दाबतात. आई गावाहून व्हिडिओ कॉलवर होती. मला पुढे केलं. बटणावर बोट ठेवलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी मागे वळलो. टेरी सूट घालून दुसऱ्या रांगेत बसला होता.

‘बॉस, लाइन बंद आहे का?’

कुणी हसलं नाही. टेरी उभा राहिला. म्हणाला, ‘थांब, बघून येतो.’

आणि खरंच बाहेर गेला!