राळेगावातलं खारं पाणी

राळेगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या राजदीपने आधी पाच वर्षं रत्नागिरीजवळ एका मत्स्यबीज केंद्रात काढली होती. क्लाउनफिश या नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशांची पिल्लं वाढवायला तो तिथेच शिकला. मग आई पडली, तिचा उजवा पाय अधू झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं, तो परत आला. येताना माशांची एक जोडी आणली. ऑक्सिजन भरलेली पिशवी मांडीवर धरून, दीड दिवस.

मागच्या खोलीत टाकी लागली. पाकिटातलं मीठ गाळलेल्या पाण्यात कालवून तो समुद्राचं पाणी करी. त्या पाण्याला समुद्राचा वास मात्र येत नसे. दुकानातून आला की तो टाकीत हात घालून नुसता उभा राही.

दुसऱ्या वर्षी मादीने मातीच्या कुंडीला नारिंगी अंडी चिकटवली. नर परांनी त्यांना वारा घालत राहिला. आठव्या संध्याकाळी दिवा मालवल्यावर पिल्लं सुटली, पापणीच्या केसाएवढी. चौथ्या दिवशी वीज गेली, हवेचा पंप थांबला. एकही पिल्लू वाचलं नाही.

पुढच्या खेपेला त्याने बॅटरीवर चालणारा पंप लावला. पिल्लांच्या खाण्याचे बारीक जीव बरण्यांतल्या हिरव्या पाण्यात वाढवले. बाराव्या दिवशी पिल्लांच्या अंगावर पांढरे पट्टे उमटले. एकवीस होती.

त्याने केंद्रातल्या साहेबांना व्हिडिओ पाठवला. लगेच फोन आला. "यवतमाळ जिल्ह्यात? कमाल केलीस! इथे जागा रिकामी आहे, ये."

आईने, नलूबाईने, खाटेवरून सगळं ऐकलं.

"जाशीन ना रे?"

"कायले? दुकान हाय इथं."

"माह्यासाठी थांबून राह्यला तू."

"नाही, माय."

"मंग रोज टाकीत हात घालून काहून उभा रायतं?"

त्याने भाकरीचं ताट तिच्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, "मले सांग तरी, कसा रायते समुद्र."

त्याने तिला उचलून टाकीपाशी खुर्चीत बसवलं. ओहोटीला पायाखालची रेती कशी सरकते, सुकत टाकलेल्या मासळीचा वास कसा कपड्यांत बसतो, पहाटे होड्या परततात तेव्हा बाया कशा ओरडतात, तो सांगत गेला. भाकरी थंड झाली तरी सांगत होता.

दोन दिवसांनी त्याने साहेबांना लिहून कळवलं, सध्या जमणार नाही. 'सध्या' त्याने तीनदा खोडलं, आणि शेवटी तसंच ठेवलं.